बत्तिशीच्या गोळ्या

आमच्या गल्लीत त्याला सगळे बत्तिशी म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला कुणाला वेळ आहे. तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, ते माप डब्यात घालून त्याच्याकडे पाठवतात, आणि काही दिवसांनी त्याच डब्यातून दात परत जातात. बत्तिशी हे नाव तसं चुकीचंच. पुऱ्या कवळीत अठ्ठावीस दात असतात. राहिल्या त्या अक्कलदाढा. "त्या मी बसवत नाही," तो म्हणतो. "अक्कल ज्याची त्याने आणायची."

मी त्याच्या डोक्यावर राहते, म्हणजे त्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. कारखाना हा त्याचा शब्द. आहेत दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, पेनासारखी हातात धरायची छोटी मोटर, सुऱ्या, कानशी, आणि पितळी बिजागरीचे सांगाडे. त्या सांगाड्यांत वरचा आणि खालचा जबडा बसवून तो दिवसभर त्यांची उघडझाप करत असतो. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे रांगेने. नवीन माणूस आत आला की आधी दचकतो आणि मग स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवतो. मागच्या खोलीत पॉलिशचं चाक. ते राज्य वहिनींचं.

वहिनी म्हणजे त्याची बायको. तो मला ताई म्हणतो म्हणून त्या माझ्या वहिनी, एरवी दोघंही माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. बत्तिशी मेणाचं काम करतो, दात लावतो, साच्यात प्लॅस्टिक भरून कवळी शिजवतो. शेवटची चकाकी आणायची ती वहिनींनी. चाक सुरू झालं की त्यांना काही ऐकू येत नाही, आणि बत्तिशीची टकळी तर अखंड चालू. हे लग्न टिकलंय ते त्या चाकामुळे, असं मी दोघांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. दोघांनी मान्य केलं.

त्याचं कसब सांगायचं तर एक गोष्ट पुरे. नवं गिऱ्हाईक आलं की तो जुना फोटो मागतो, हसताना काढलेला. लोकांना वाटतं, फोटो बघून हा सरळसोट, पांढरेशुभ्र दात करणार. याचं उलटंच. फोटोत एक दात दुसऱ्यावर चढलेला असेल, तर कवळीतही तो तसाच चढवतो. एका आजोबांनी हट्ट धरला होता, मोत्यासारखे पाहिजेत. बत्तिशी म्हणाला, "देतो की आजोबा. फक्त मग बाकीचा चेहरा उगाच जुना वाटेल." आजोबा निमूटपणे पिवळट रंगावर आले. माझ्या कवळीत समोरचा एक दात किंचित तिरका आहे. ती घालून मी पहिल्यांदा बहिणीसमोर गेले तेव्हा ती म्हणाली, तू कॉलेजात होतीस तशी दिसतेयस. माझ्याबद्दल ते धादांत खोटं होतं, दाताबद्दल मात्र खरं.

तर हा माणूस. त्याचं दुखणं सुरू झालं प्लॅस्टरच्या पोत्यापासून. जन्मभर टेबलावर वाकून बसलेली पाठ, त्यात एकट्याने पोतं उचललं आणि मणका सरकला. ऑपरेशन झालं. दुखणं खरं होतं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे बऱ्याच शहाण्यांनी 'सोंग' हा शब्द वापरला. सोंग नव्हतं. खुर्चीतून उठताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलेलं मी पाहिलं आहे. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी जोरकस गोळ्या दिल्या, अफूच्या जातीच्या. अफू हा शब्द तेव्हा कुणी उच्चारला नाही. चिठ्ठीवर लांबलचक नाव, कागदाच्या पाकिटात घातलेलं पाकीट. दारुडा गुत्त्यात जातो. हा औषधाच्या दुकानात जात होता, कापडी पिशवी घेऊन, येताना साबण आणि दूध आणत. याला कोण व्यसन म्हणणार?

गोळ्यांनी तो उठला, बसला, कामाला लागला. पाठ भरून आली, पण गोळी सुटेना. चुकली की अंग मोडून यायचं, नाक गळायचं, पाय जागच्या जागी ठरायचे नाहीत. घेतली की सगळं शांत. त्याला वाटे, पाठच दुखतेय अजून. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला, तेव्हा त्याच्यापुढे एक वाट होती जी तुमच्या-माझ्यापुढे नसते. ज्या दातांच्या डॉक्टरांची कामं तो करायचा, त्यांच्याकडे डबा पोचवायला गेला की तो पाठीवर हात ठेवायचा. "डॉक्टरसाहेब, आज फारच धरलीय हो." इतक्या वर्षांचा भरवशाचा माणूस, कधी काम उशिरा नाही, कधी नखरा नाही. डॉक्टर लिहून देत. मग दुसरे डॉक्टर, मग तिसरे. प्रत्येकाला वाटे, उपकार आपण एकट्यानेच केला.

वहिनींना अर्थातच कळलं होतं. नवरा संडासात किती वेळ बसतो यावरूनही बायकांना कळतं, आणि त्या गोळ्यांनी पोट असं बांधलं जातं की विचारू नका. मला कळलं ते माझ्या दातांवरून. खालची कवळी सैल झाली म्हणून मी नवी करायला दिली होती. आली ती बोलताना टकटक वाजायला लागली, जणू तोंडात घोडा चालतोय. मी खाली गेले, ती काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे तुझं काम नाही."

तो डुलकीत होता. दचकून म्हणाला, "चावून चावून बसेल ताई."

"चावण्याचं सोड. मला बोलता येत नाहीये, आणि ते मला परवडणारं नाही."

एरवी यावर त्याने मला दहा वाक्यं ऐकवली असती. तो नुसता हसला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. मागच्या खोलीतलं चाक थांबलं. वहिनी दारात आल्या, हात पुसले, कवळी उचलली आणि म्हणाल्या, "राहू द्या ताई, मी बघते." आजकाल सगळं त्याच बघतात, हे त्या एका वाक्यात मला समजलं.

मग रोज खटके. वहिनी म्हणायच्या, "बंद करा." तो म्हणायचा, "करतोय ना." आणि तो खरंच करत होता. इथेच त्याने ती चूक केली, जी दुसऱ्या कुणाला करायची म्हटली तरी जमली नसती. तुम्ही-मी गोळी मोडायला गेलो तर वेडेवाकडे तुकडे होतात आणि भुगा उडतो; आपण तो नाद सोडून देतो. याच्याकडे दाताला आकार द्यायचं सगळं सामान. त्याने मोटरच्या पातळ चकतीने गोळीचा पाव भाग काढला, कड कानशीने घासून गुळगुळीत केली, आणि तळहातावर धरून वहिनींना दाखवली. "बघ. एवढी कमी. पुढच्या आठवड्यात आणखी." एखादा सुळा दाखवावा तशी. वहिनींनाही बरं वाटलं. निदान प्रयत्न तरी करतोय माणूस, असं त्या मला म्हणाल्या.

पण त्या गोळ्या होत्या हळूहळू विरघळणाऱ्या. दिवसभराचं औषध एका कवचात बंद केलेलं, थोडं थोडं बाहेर यावं म्हणून. चकती लागली की कवच गेलं आणि सगळं एकदम अंगात. दुपारी ते ओसरलं की तगमग. तगमग झाली की आणखी एक गोळी, तीही तितकीच सुबक कापलेली. प्रत्येक गोळी मापाने कमी होती आणि तो डोलत मात्र जास्त होता, याचं कोडं त्यालाही उलगडत नव्हतं.

एका सकाळी वहिनींनी पॉलिशचं चाक थांबवलं, तर पुढच्या खोलीतून मोटरचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. जाऊन बघतात तर डोकं टेबलावर टेकलेलं, ओठ निळसर, श्वास एक आला की दुसरा येईल की नाही असा. त्यांनी मला हाक मारली. मी उतरले कशी, मला माहीत नाही. अॅम्ब्युलन्सला फोन मी केला. वहिनी त्याला गदागदा हलवत होत्या. "अहो, श्वास घ्या. घ्या म्हणते ना." आणि तो घ्यायचा. एक. मग थांबायचा. "परत घ्या." की आणखी एक. इतकी वर्षं त्यांचं काही न ऐकणारा माणूस त्या सकाळी शब्दाशब्दाला ऐकत होता. अॅम्ब्युलन्समधल्या माणसाने येऊन अंमल उतरवणारी सुई टोचली आणि थोड्याच वेळात बत्तिशी उठून बसला. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोटर कुणी बंद केली?"

हॉस्पिटलात त्याला कवचाची भानगड समजावून सांगितली. व्यसन लागलंय, हे त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला लागलं ते भलतंच.

"माझ्या कापण्यात काही चूक नव्हती," तो मला म्हणाला.

"कापणं उत्तम होतं. कापायलाच नको होतं."

"हे तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण तुमच्यासारखं तोडून नाही."

तो घरी आला त्याच दिवशी वहिनींनी बॅग भरली. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लग्न झालेली लेक राहते, तिच्याकडे निघाल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. चाकावर कापड झाकलं, चप्पल घातली आणि दारात वळून म्हणाल्या, "घरात एकही गोळी नसेल, तेव्हा कळवा. डोकेदुखीचीसुद्धा नाही. तुम्हाला श्वास घ्यायला सांगणं माझ्याच्याने परत होणार नाही."

"अगं, पण पॉलिश..."

"ताईंकडून करून घ्या."

मला त्यांचा राग आला नाही. त्यालाही नाही. पण तो कोसळला, आणि कोसळलेला माणूस काय करतो? जे हाताशी असतं ते घेतो. हॉस्पिटलातून त्याला व्यसनावरच्या उपचारांसाठी चिठ्ठी दिली होती. ती दिव्याखाली पडून राहिली. शेवटी मीच खाली गेले. "तू चालतोस की ओढत नेऊ? या वयात तुला ओढलं तर माझी कंबर जाईल, आणि मग मलाही तुझ्याच गोळ्या लागतील."

तो विभाग हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, एक्स-रे काढतात त्याच्या पुढे. वर मोठी पाटी: व्यसनोपचार. बत्तिशीने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती, आणि तो एक्स-रेच्या बाकावर जाऊन बसला. "इथे बरं आहे. कुणी पाहिलं तर वाटेल, फोटो काढायला आलाय." पाटीखालच्या बाकावर एक बस ड्रायव्हर, कॉलेजची एक मुलगी आणि हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र धरलेले एक निवृत्त हेडमास्तर बसले होते. व्यसनी माणसं कशी दिसतात याबद्दल माझ्या ज्या काही कल्पना होत्या, त्या त्या बाकाकडे बघून मी तिथल्या तिथे आवरल्या.

डॉक्टरीण तरुण होती. बत्तिशी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत म्हणाला, "मॅडम, तुमचा वरचा डावा सुळा फार गोड आहे. कधी सरळ करू नका."

"नाही करणार. आता तुमच्या गोळ्यांचं बोलू."

तिने सगळं विचारलं, न रागावता, न चुचकारता. कुठल्या डॉक्टरांकडून, कधीपासून, पाठ खरंच किती दुखते. मग म्हणाली की याचं औषध आहे, पण आज देता येणार नाही. आधीच्या गोळीचा अंमल अंगात असताना ते दिलं तर उलट त्रास होईल. उद्या सकाळी यायचं, काहीही न घेता. थोडं भोगून यायचं.

"थोडं म्हणजे?"

"नाक गळेल, जांभया येतील, अंगावर काटा येईल. तेवढं झालं की मी आहे."

दुसऱ्या दिवशी हे सगळं अगदी आज्ञेत असल्यासारखं झालं. जांभया तर अशा की त्याच्या स्वतःच्या दाढा मी प्रथमच मोजण्याइतक्या जवळून पाहिल्या. अंगावर पिसं काढलेल्या कोंबडीसारखा काटा, पाय सारखे हलतायत, डोळ्यांना धार. "ताई, मी जातो घरी. उद्या येऊ." मी त्याची पिशवी माझ्या मांडीवर घेऊन बसले होते, घराची किल्ली तीत होती. "जा की. दारात बसून राहा." तो परत बसला. आज तो एक्स-रेच्या बाकावर गेला नव्हता. त्याला तेवढं भान नव्हतं. बस ड्रायव्हर सरकला, त्याला भिंतीकडची जागा दिली आणि म्हणाला, "पहिला दिवस ना? होतं ते. माझं वरीस झालं."

मॅडमनी तपासलं, एक छोटी गोळी जिभेखाली ठेवायला दिली, थांबायला सांगितलं, मग पुन्हा थोडी दिली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. सायकली लावायच्या जागेवर दोन माणसं भांडत होती, ते भांडण मिटेपर्यंत पाहिलं. वळून बघते तर बत्तिशीचे पाय स्थिर. नाक पुसून त्याने रुमालाची घडी घातली.

"ताई, भूक लागलीय."

मी त्याला कँटीनमध्ये नेलं. तो दोन माणसांचं जेवला आणि वाढणाऱ्याला त्याच्या किडक्या दाढेबद्दल सल्ला देऊन आला. तेव्हा मला धीर आला. टकळी परत चालू झाली होती.

पुढचे काही आठवडे चांगले गेले. डोळ्यांच्या बाहुल्या माणसासारख्या झाल्या. माझी कवळी त्याने न सांगता पुन्हा केली आणि घोडा एकदाचा गेला. मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: हे औषध बरेच महिने चालेल, कदाचित काही वर्षं. घाई करायची नाही. ते नशा देत नाही, तलफ आवरून धरतं, आणि तेवढ्यात माणूस आपलं आयुष्य परत उभं करतो. बत्तिशीला हे पटलं होतं. फक्त ते त्याने एका माणसाला सांगितलं नाही, आणि ते माणूस रोज फोन करत होतं.

"झाल्या का गोळ्या बंद?"

"त्या झाल्या."

"त्या म्हणजे?"

"त्याच गं. दुसऱ्या कुठल्या?"

आता बघा. बायकोची अट एकही गोळी नसण्याची. डॉक्टरणीचं म्हणणं गोळी चालू ठेवण्याचं. साधा माणूस फोन उचलून खरं सांगून मोकळा झाला असता. आमच्या कारागिराने कानस उचलली. औषधाच्या गोळीची एक कड घासायची, दुसऱ्या दिवशी आणखी, म्हणजे मॅडमना कळायच्या आत गोळी संपेल आणि बायको घरी येईल. मला पत्ता लागला तो जांभयांवरून. टेबलाशी बसून तो जांभया देत होता आणि कुणाच्या तरी कवळीचा पुढचा दात मेणात उलटा लावून बसला होता.

"काय चाललंय?" मी विचारलं.

त्याने सुरी खाली ठेवली. पितळी सांगाड्याचा जबडा एकदा उघडून मिटला. मग म्हणाला, "ताई, आज मी पाठीवर हात ठेवला."

"कुठे?"

"डबा द्यायला गेलो होतो. त्या चौकातल्या डॉक्टरांकडे. पाठ दुखत नव्हती हो. हात आपला आपण गेला. त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं, पेन उघडलं."

"मग?"

"म्हटलं, साहेब, थांबा. मला लिहून देऊ नका. आज नको, पुढेही नको, मी पाया पडलो तरी नको." त्याने नाक पुसलं. "ते बघतच राहिले. मग सगळं सांगितलं त्यांना. म्हणाले, अरे, मला वाटलं मी एकटाच देतोय."

"ते सगळ्यांनाच वाटत होतं. बाकीच्यांनाही सांगून ये."

"जातो. आधी मॅडमकडे जातो. त्या रागावतील."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मात्रा पूर्ववत केली, कानस या कामाला वापरायची नाही असं लेखी घ्यावं का, असं विचारलं, आणि म्हणाल्या की आता बायकोला घेऊन या. मग तो उरलेल्या प्रत्येक डॉक्टराच्या दारात गेला. एकाने काम देणं बंद केलं. बाकीच्यांनी नाही.

वहिनींना फोन मी केला. "तुमच्या नवऱ्याने तुमच्यासाठी औषध घासून घासून कमी केलं आणि परत त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन आला. येऊन स्वतः डॉक्टरणीशी भांडा. फोनवरून भांडण होत नाही."

त्या आल्या, आणि भांडल्या. बत्तिशी आणि मी एका बाजूला. "एक गेली, दुसरी आली, मॅडम. यात बरं होणं ते काय? आज ही गोळी, उद्या तिच्यावाचून चालत नाही. मला नवरा गोळीविना पाहिजे."

"कशासाठी?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

वहिनी गोंधळल्या. "कशासाठी म्हणजे? सगळी माणसं असतात तसा."

"हे औषध घाईने सोडणारे पुष्कळ जण मागच्या गोळ्यांकडे जातात. मधल्या काळात अंगाची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायची तेवढीच गोळी मग पचत नाही. त्या सकाळी तुम्ही मागच्या खोलीत होता म्हणून ते वाचले. प्रत्येक वेळी कुणी मागच्या खोलीत असेलच असं नाही. हे औषध चालू असलं तर तो धोका पुष्कळ कमी होतो. बस, एवढंच माझं म्हणणं. पटलं नाही तरी चालेल, उद्या परत भांडायला या."

वहिनींनी पिशवी उचलली आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षात तिघं एका ओळीत बसलो. मधे मी, दोघांच्या मधे बसायला त्या दिवशी कुणीतरी जाडजूड माणूस हवंच होतं. घराशी आल्यावर वहिनी लेकीकडे जाण्याऐवजी कारखान्यात शिरल्या, "नुसतं बघून जाते" म्हणून. बघण्यासारखं बरंच होतं. पॉलिश न झालेल्या कवळ्या वाट्यांमधून पाण्यात पडलेल्या. त्यांतली एक उचलून त्या प्रकाशात धरत होत्या, तेवढ्यात एक निवृत्त पोस्टमन आपली दुरुस्त झालेली कवळी न्यायला आले. घालून बघितली, चावून बघितली, आणि सगळ्याच म्हाताऱ्यांना काहीतरी कुरकुर लागते तशी त्यांनी केली.

"बसलीय बरी. पण आता जन्मभर हिच्यावाचून चालायचं नाही म्हणा."

"चावता येतंय ना?" वहिनी कवळीवरची नजर न काढता म्हणाल्या. हे त्या वर्षानुवर्षं प्रत्येकाला सांगत आल्या आहेत. "बोलता येतंय? चारचौघांत हसता येतंय? मग कशाला पाहिजे हिच्यावाचून?"

पोस्टमन गेले. वहिनींनी हातातली कवळी वाटीत परत ठेवली. मग त्यांनी बत्तिशीकडे पाहिलं, आणि मी चटकन जिना चढून वर आले. सगळंच बघायला थांबायचं नसतं, एवढी अक्कलदाढ मला आहे. थोड्या वेळाने खालून चाकाचा आवाज यायला लागला.

बॅग आणायला त्यांनी जावयाला पाठवलं.

गोळी आता वहिनींच्या ताब्यात असते. तसं मॅडमनीच सुचवलं. रोज सकाळी, चाक सुरू करायच्या आधी, त्या ती त्याच्या हातावर ठेवतात. तो ती जिभेखाली ठेवतो, आणि ती पुरती विरघळेपर्यंत गिळायचं नाही, प्यायचं नाही, बोलायचं नाही. बत्तिशीला, बोलायचं नाही. असा प्रसंग या संसारात पूर्वी कधी आला नव्हता. पहिले काही दिवस वहिनी नुसत्याच समोर बसून राहिल्या, तो गिळत तर नाही ना हे बघत. मग एके दिवशी त्यांनी सुरुवात केली. माझी खिडकी त्यांच्या खिडकीच्या बरोबर वर. मी मुद्दाम ऐकत नाही, पण खिडकी बंदही करत नाही.

त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून धरलं. "तुमच्या मावशीसमोर तुम्ही म्हणालात, हिला चहा जमत नाही. सगळे हसले. तुम्हीही हसलात." तो हातवारे करून काहीतरी सांगू बघायचा. "तोंड बंद. गोळी आहे." गोळी विरघळून तो तोंड उघडेपर्यंत त्या उठून मागच्या खोलीत गेलेल्या असत आणि चाक सुरू. उत्तर द्यायची सोयच नाही. दुसऱ्या दिवशी जिथे थांबल्या तिथून पुढे. भाड्याच्या खोलीतली ओल. विकत घेतलेली आणि कधी न वापरलेली मोटर. त्याने परस्पर कबूल केलेली पाहुण्यांची रांग. मधेच एखादी गोष्ट अशीही निघायची की खाली दोघंही हसायचे, तो दाबून, नाकातून. एकदाच त्या क्रम सोडून बोलल्या. टेबलावर डोकं टेकलेल्या त्या सकाळबद्दल. त्या दिवशी गोळी केव्हाच विरघळली असावी, तरी तो काही बोलला नाही, आणि चाकही उशिरा सुरू झालं.

परवा दोघं तपासणीला निघाली, मलाही जबरदस्तीने नेलं. माझं रक्तदाबाचं काहीतरी होतंच. बत्तिशीचं वजन वाढलंय, पाठीचे व्यायाम चालू आहेत, काम सगळं वेळेवर जातं. मॅडमनी त्याचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "तुमची दोघांची इच्छा असेल तर आता आपण अगदी हळूहळू मात्रा कमी करायचा विचार करू शकतो. नसेल तर असंच चालू ठेवू. माझी घाई नाही."

बत्तिशीने वहिनींकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत, खोटं कशाला सांगू, थोडी आशा होती.

वहिनींनी पदर सारखा केला. "असंच चालू दे, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी आत्ता कुठे लेक शाळेत जायला लागली तिथपर्यंत आलेय."